कोइकेबाईंच्या दुकानाखालचं पाणी

त्या रविवारी शिनकावाच्या काठाने चालण्यात ज्योत्स्ना साठ्येचा फायदा काय होता, ते आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक तिच्या नदीप्रेमाचं कौतुक करत बसतील आणि हिशेब तिथेच चुकेल.

तिला नोकरी मिळायची होती. फुनाबोरीजवळून वाहणाऱ्या या छोट्या नदीची काळजी वाहायला म्हाताऱ्या जपानी मंडळींनी 'शिनकावाचे सोबती' म्हणून एक संस्था काढलेली आहे. आसपास परदेशी वस्ती वाढली, तेव्हा या लोकांना नदी, कचरा, गटार वगैरे समजावून सांगायला एक माणूस पगारावर घ्यायचं त्यांनी ठरवलं. ज्योत्स्ना निशी-कसाईला राहत होती. बँकेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याबरोबर, प्रसन्नबरोबर, ती टोकियोला आली त्याला बरीच वर्षं झाली होती. मुंबईत तिने केमिस्ट्री शिकवलेली, आणि इथे सरकारी कार्डावर तिच्या नावापुढे काय, तर 'कुटुंबीय, नवऱ्यावर अवलंबून'. नोकरी लागली की हा शेरा जाणार. पगाराचं तिला अप्रूप नव्हतं असं नाही, पण त्या शेऱ्यावर तिचा खरा राग होता.

पाण्याचं वेड मात्र खोटं नव्हतं. २०११ च्या भूकंपानंतर नळाच्या पाण्याबद्दल बातम्या येऊ लागल्या तेव्हा तिची मैथिली अंगावर पिणारी होती. निम्मी इमारत विमानाने भारतात गेली, ही राहिली. बाळाला पाठीवर बांधून बाटल्या शोधत फिरायची आणि पाण्याबद्दलची प्रत्येक सूचना शब्दकोश घेऊन वाचायची. लोक मालिका बघून जपानी शिकतात, ही पाणीपुरवठ्याची पत्रकं वाचून शिकली. त्यामुळे शेजारणीला 'साडी छान दिसते' हे जपानीत सांगताना ती अडखळायची, पण 'गाळणीनंतर उरलेलं क्लोरीन' झोपेतही म्हणून दाखवायची.

संस्थेचे प्रमुख ओकुबो-सान म्हणून होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, काटकुळे, बोलायला कंजूष. ज्योत्स्नाची मुलाखत त्यांनी दोन वाक्यांत उरकली. "मे महिन्यात आमची नदीकाठची पदयात्रा असते, लोकांना पाण्याची पारख कळावी म्हणून. तुमची मंडळी घेऊन या, मग बघू."

"जपानमध्ये 'मग बघू' म्हणजे नाही," प्रसन्न म्हणाला.

"सांगलीतही तेच," त्याच्या आई, पद्मिनीबाई म्हणाल्या. त्या तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या होत्या.

ज्योत्स्नाने मात्र त्याचा अर्थ असा लावला, की जितकी डोकी जास्त तितकी नोकरी जवळ. ती महिनाभर फोनला चिकटली. ज्याला नदी आवडत नव्हती त्याला चालण्याने वजन उतरतं म्हणून सांगितलं, ज्याला चालायचं नव्हतं त्याला फोटो छान येतात म्हणून. मराठी मंडळाचे अध्यक्ष विश्वजित कारखानीस यांना काहीच सांगावं लागलं नाही. ते फलक घेऊन येतो म्हणाले. आणलाही. त्यावर मधोमध त्यांचा फोटो होता, खाली मंडळाचं नाव, आणि उरलेल्या कोपऱ्यात नदी.

वेळेचा घोळ ठरलेलाच. जपानी पत्रकात साडेनऊ होते, म्हणून ज्योत्स्नाने आपल्या लोकांना नऊ कळवले. ज्योत्स्नाने नऊ कळवले म्हणजे खरे साडेनऊ, हे आपल्या लोकांनी बरोबर ओळखलं, आणि साडेनऊ म्हणजे निवांत पावणेदहा, हे तर जन्मापासून माहीत. सोबती मंडळी सव्वानऊपासून पिवळ्या टोप्या घालून रांगेत उभी होती.  एका आजोबांनी फक्त घड्याळ खिशात ठेवलं.

पण एकदा चालायला लागल्यावर मजा आली, हे नाकारता यायचं नाही. ऊन कोवळं, चेरीची झाडं हिरवीगार, दोन्ही काठांना लाकडी कठडे. पुढे जपानी मंडळी दोन दोनच्या ओळीत, मागे आपली फौज दहाच्या रुंदीत. सायकलवाले घंटी न वाजवता मागे थांबून राहायचे आणि कोणाचंतरी मूल वळून बघेपर्यंत आपल्याकडच्या कोणाला पत्ता नसायचा. विश्वजितने "नदी वाचवा" अशी घोषणा सुरू केली. मागून तिला जोरात उत्तर आलं. दोन पिवळ्या टोप्यांना वाटलं कोणी नदीत पडलं. त्या दोरी घेऊन धावत आल्या.

काठावर तीन ठिकाणी थांबून पाणी तपासायचं होतं. प्रकार सोपा. बादलीने पाणी काढायचं, प्लास्टिकच्या बोटभर नळीत ते ओढून घ्यायचं आणि थोडा वेळ वाट बघायची. नळीत आधीच औषध असतं. पाणी जांभळट गुलाबी राहिलं तर ठीक. हिरवट होत गेलं की समजायचं, पाण्यात काहीतरी सडण्यासारखं मिसळलंय. पहिल्या दोन ठिकाणी पाणी बऱ्यापैकी गुलाबी राहिलं. ज्योत्स्ना ओकुबो-सानचं बोलणं मराठीत सांगत होती आणि मराठी शंका जपानीत. आपल्या चिरंजीवांना शाळेत प्रवेश कसा मिळेल ही एकाची शंका तिने गाळली, बाकी सगळ्या पोचवल्या. ओकुबो-सान एकदा तर हसलेसुद्धा. तेव्हा तिला वाटलं, जमतंय.

दुसऱ्या ठिकाणी ती सोबती मंडळींबरोबर नळ्या मोजून घ्यायला मागे राहिली आणि आपली माणसं पुढे सुटली.

तिसरं ठिकाण म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. वर कोइकेबाईंचं तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान. या कोइकेबाई सोबती मंडळींतल्याच. पायऱ्यांच्या तोंडाशी टेबल मांडून त्या येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात थंडगार सोयाबीनच्या दुधाचा पेला देत होत्या. पद्मिनीबाईंनी तो घेतला, दोन घोट प्यायल्या, "ताकाची सर नाही, पण मायेने देतेय," असं म्हणून संपवला, आणि पायऱ्या उतरून खाली बसल्या. पाण्यात मासे होते. चांगले हातभर लांबीचे, तोंडं वर काढून.

कोइकेबाई आणखी दूध आणायला दुकानात गेल्या आणि इकडे पद्मिनीबाईंनी पिशवीतून डबा काढला. सांगलीला कृष्णेच्या घाटावर गेलं की माशांना कणकेचे गोळे घालायचे, हा त्यांचा लग्नानंतरचा नेम. इथेही नदीवर जायचं म्हटल्यावर सकाळी उठून त्यांनी कणीक भिजवून गोळे वळले होते. कोणाला विचारण्यासारखी ही गोष्टच नव्हती. नदीला जाताना डबा घेणं म्हणजे पावसात निघताना छत्री घेण्यासारखं.

पहिला गोळा पडला आणि पाणी उकळल्यासारखं झालं.

"अय्या, केवढे!" वैभवी ओरडली. ती ज्योत्स्नाची शेजारीण. तिच्या दोन्ही मुली टाळ्या पिटत खाली धावल्या. "काकू, अजून टाका ना!"

"तुमच्याकडे काय आहे ते काढा की."

मग काय विचारता. वैभवीचे कालचे थेपले निघाले. विश्वजितने चिवड्याची पिशवी उघडली. कोणी दहीभात आणला होता, तोही गेला. मासे तृप्त, मुलं तृप्त, आणि मोठ्यांच्या चेहऱ्यावर फुकटात पुण्य केल्याचं समाधान. पायऱ्यांजवळचं पाणी पिठूळ झालं होतं, पण तिकडे बघायला वेळ कोणाला होता? फोटो चालले होते.

थोड्या वेळाने सोबती मंडळी बादली घेऊन पोचली तोपर्यंत डबे पुसून पिशवीत गेले होते. पाणी घेतलं तेही पायऱ्यांच्या तळाशीच. ज्योत्स्नाने सगळ्यांना नळी दिसेल अशी हातात उंच धरली, आणि नळीतलं पाणी तिच्या डोळ्यांसमोर हिरवं झालं. ओकुबो-साननी दुसरी नळी मागितली. तीही हिरवी. त्यांनी चष्मा पुसून तिसरी घेतली.

"असं कधी झालं नव्हतं," ते हळू म्हणाले. "उद्या वॉर्ड ऑफिसला कळवावं लागेल."

पिवळ्या टोप्यांपैकी तोफूच्या दुकानाकडे कोणीही पाहिलं नाही. इतक्या जणांनी मिळून एका जागेकडे न पाहणं म्हणजे तिकडे बोट दाखवण्यासारखंच असतं. कोइकेबाई टेबलावरचे पेले एकात एक घालत राहिल्या.

पुढचा कार्यक्रम जवळच्या सभागृहात होता. आपल्याकडे कार्यक्रम संपला की आभारप्रदर्शन असतं. जपानी लोकांत हानसेइकाई असते, म्हणजे सगळ्यांनी गोल बसायचं आणि काय चुकलं ते एकेकाने उभं राहून सांगायचं. स्वतःचं काय चुकलं ते. हा शेवटचा भाग ज्योत्स्नाने मराठीत सांगितला होता, पण आपल्या मंडळींना तो भाषांतरातला दोष वाटला असावा. विश्वजित खिशातून आभाराचं भाषण काढून तयार बसले होते.

आधी ओकुबो-सान उठले. सुरुवात उशिरा झाली, कारण वेळ नीट कळवण्यात आपण कमी पडलो, माफ करा. मग घड्याळवाले आजोबा उठले. तुमच्या मुलांना पुरतील एवढ्या टोप्या आणल्या नाहीत, माफ करा. मग एक बाई म्हणाल्या, दोरी घेऊन विनाकारण धावले, लोक घाबरले असतील.

"यांच्यात कोणी दुसऱ्याचं नाव घेतच नाही का?" वैभवीने विचारलं. "मग मजा काय!"

मग पाळी आली कोइकेबाईंची. त्या उभ्या राहिल्या, हात पुढे जुळवलेले. ज्योत्स्ना वाक्यावाक्याला मराठी करत गेली. "तिसऱ्या ठिकाणाच्या वर माझं दुकान आहे. सोयाबीनचं पाणी मी नदीत सोडत नाही, पण नळ जुने आहेत, कुठे गळत असेल. उद्यापासून दुकान बंद ठेवून सगळं तपासून घेते. तुम्हा सर्वांना काळजीत टाकलं. माफ करा." आणि त्या कमरेतून इतक्या वाकल्या, की त्यांच्या अंबाड्याचा आकडा सगळ्यांना दिसला.

"संपलं! कबूल केलंन," विश्वजित कुजबुजले. "बाई प्रामाणिक आहे हं, वहिनी."

"अहो, कबुली नाही ती," प्रसन्न म्हणाला. "हे लोक आधी माफी मागतात. चूक कोणाची ते मग सावकाश शोधतात."

पद्मिनीबाईंनी सुनेची ओढणी ओढली. "अगं, ती एवढी का वाकतेय? मघाशी तिनेच ना आपल्याला दूध दिलं?"

"आई, पायऱ्यांपाशी पाणी खराब निघालं. त्यांना वाटतंय त्यांच्या दुकानातून गेलं."

"पायऱ्यांपाशी?" पद्मिनीबाईंनी डोळे मोठे केले. "तिथे तर आपण माशांना जेवायला घातलं."

"काय घातलं?"

"माझी कणीक. विश्वजितचा चिवडा. वैभवीचे थेपले, आणि तो कोणाचा तो दहीभात."

ज्योत्स्नाचा चेहरा बघण्यासारखा झाला. केमिस्ट्री शिकवलेली बाई. कणकेने नळी हिरवी होते हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"माझा चिवडा अगदी मूठभर," विश्वजित लगेच म्हणाले. "शेंगदाणे तर मीच खाल्ले होते."

"थेपले मुलींनी टाकले हं, मी नाही," वैभवी म्हणाली. "आणि सुरुवात काकूंनी केली."

प्रसन्न बायकोच्या कानाशी वाकला. "हे बघ, आत्ता काही बोलू नकोस. उद्या ते नळ तपासतील, काही निघणार नाही, पुन्हा पाणी घेतलं की चांगलंच येईल. विषय संपला. तुझी नोकरी हातातोंडाशी आलीय, ज्योत्स्ना. यांना पाणी समजावणारी बाई पाहिजे, पाणी बिघडवणारी नको."

त्याचं गणित बिनचूक होतं. गप्प बसण्याचा खर्च म्हणजे एका अनोळखी बाईचं दुकान चार दिवस बंद आणि गल्लीत थोडी कुजबुज. बोलण्याचा खर्च म्हणजे नोकरी, आणि कार्डावरचा तो शेरा जिथल्या तिथे. ज्योत्स्नाने समोर पाहिलं. कोइकेबाई खाली बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारच्या बाई त्यांच्यापासून वितभर सरकल्या होत्या. सरकल्या म्हणजे, नीट बसायच्या निमित्ताने.

ज्योत्स्ना उठली. जपानीत बोलली आणि या खेपेला मराठी केलंच नाही.

"काय म्हणतेय?" पद्मिनीबाईंनी लेकाला विचारलं.

"म्हणतेय, तिसऱ्या ठिकाणचं पाणी कोइके-साननी खराब केलं नाही," प्रसन्न कपाळाला हात लावून सांगत होता. "तिच्या लोकांनी माशांना खायला घातलं, म्हणून तसं आलं. पाण्यात काही टाकायचं नाही हे तिने आधी सांगायला पाहिजे होतं. तिची चूक आहे, म्हणतेय."

"तिची कशी? कणीक मी मळली!"

आणि पद्मिनीबाई उभ्या राहिल्या. भाषा कोणतीच नव्हती, पण हात होते. त्यांनी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं, गोळे वळले, हवेत फेकले, मग गाल फुगवून माशाचं तोंड केलं आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी. मी केलं. ही पोर नव्हतीच तिथे."

 मग कोइकेबाईंच्या तोंडावर हात गेला आणि हाताआडून हसू फुटलं. घड्याळवाले आजोबा मासा करून बघू लागले. तेवढ्यात विश्वजित उठले, भाषणाचा कागद खिशात कोंबला आणि म्हणाले, "वहिनी, सांगा त्यांना, चिवडा माझा. आणि मूठभर नव्हता, पिशवी होती." मग वैभवीने थेपल्यांची जबाबदारी मुलींकडून परत घेतली. दहीभातवालेही सापडले. मंडळाच्या इतिहासात स्वतःची चूक सांगायला पहिल्यांदाच रांग लागली होती आणि ज्योत्स्ना भाषांतर करता करता घामाघूम झाली.

रांग संपल्यावर ओकुबो-सान उठले. ते सरळ ज्योत्स्नाच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि कोइकेबाईंकडे तोंड करून दोनच वाक्यं बोलले, आणि मघाशी त्या वाकल्या होत्या त्याहून खाली वाकले.  प्रसन्नच्या हातातला चहा मांडीवर सांडला.

"काय रे? काढून टाकलं?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"नाही आई. लागली. नोकरी लागली तिला."

"कुठे लागली? तो तर माफी मागतोय."

"म्हणूनच तर! तो म्हणाला, 'आमच्या ज्योत्स्ना-सानची चूक झाली, माझं लक्ष कमी पडलं.' इथे साहेब फक्त आपल्या माणसाबद्दल माफी मागतो. मी चुकलो तर माझा साहेब वाकतो, शेजारच्या बँकेचा नाही वाकत. बाहेरच्या माणसाची चूक कोणी अंगावर घेत नाही."

पद्मिनीबाईंनी यावर थोडा विचार केला. "म्हणजे नोकरी द्यायची असली की हे लोक माफी मागतात. बरी रीत आहे. पेढे कोणी द्यायचे मग?"

ओकुबो-सान तोवर कामाला लागले होते. "मंगळवारी सकाळी पायऱ्यांपाशी पुन्हा पाणी घ्यायचं," त्यांनी ज्योत्स्नाला सांगितलं. "रबरी बूट घालून या." आणि वळता वळता, "सासूबाईंना पण आणा. कणीक किती होती ते लिहावं लागेल."

पेढ्यांचा प्रश्न कोइकेबाईंनी सोडवला. त्या दुकानात जाऊन ताज्या तोफूचं अख्खं घमेलं घेऊन आल्या आणि तो सभागृहात वाटला. विश्वजितने त्यावर चिवड्याच्या पिशवीतला उरलासुरला मसाला भुरभुरला. जपानी मंडळींनी आधी डोळे मिटून खाल्लं आणि मग उघडून पुन्हा मागितलं. शेजारच्या सरकलेल्या बाई परत वितभर जवळ आल्या. वैभवीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

निघताना पद्मिनीबाई कोइकेबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि माफी मागायची म्हणून वाकल्या. कोइकेबाईंना उलट वाकणं भागच होतं. त्या वाकल्या म्हणून पद्मिनीबाई पुन्हा वाकल्या. शेवटचं वाकणं आपलं असावं, असं त्या दोघींनीही मनात घेतलं. एक दारात, एक रस्त्यावर, मग एक दुकानाच्या पायरीवर आणि एक पार पुलाच्या टोकाशी, तरी चाललंच होतं. प्रसन्नने शेवटी आईला धरून वळवलं.

तर सरतेशेवटी देणंघेणं असं झालं. ज्योत्स्नाला नोकरी मिळाली. ओकुबो-सानना आयुष्यात पहिल्यांदा असं नेमकं ठाऊक झालं, की पाणी कशाने बिघडलं. माशांचं जेवण झालं. विश्वजितचं भाषण गेलं, पण ते कोणाला हवं होतं? कोइकेबाईंना घमेलंभर तोफू पडला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात निशी-कसाईहून गिऱ्हाइकं येऊ लागली, म्हणजे त्या बाजूला तोटा नाही. या सगळ्याची किंमत मोजली ती एकट्या पद्मिनीबाईंच्या कमरेने. सोमवारभर त्या गरम पाण्याची पिशवी पाठीवर घेऊन पालथ्या पडून होत्या, आणि कण्हता कण्हता ज्योत्स्नाला विचारत होत्या, "शेवटी मीच वाकले होते ना गं?"